जेवना हात

मॉडेलचा डबा मागच्या बॅचनं हरवला
की उंदरांनी नेला, रजिस्टरात नोंद नाही.
म्हणून मी अमळनेरच्या बाजारातून
भरताची दोन वांगी आणली, हिरवी, बामणोदकडची,
आणि घरच्या खराट्याच्या आठ काड्या.

वांगं म्हणजे कार्बन, मी म्हणालो.
मागच्या बाकावरून कोणीतरी तेल मागितलं.

चार काड्या, चार दिशांना, एकमेकींपासून होईल तितक्या लांब.
एकीला कांदा, एकीला मिरची,
एकीला भुईमुगाची शेंग, एकीला लसणाची पाकळी.
आता दुसरं वांगं आरशात बघून सजवा.
आरसा दगाशिपायाच्या दाढीचा,
कोपऱ्यात पारा उडालेला.

सजवलं. म्हटलं, बसवा एकावर एक.
कांद्यावर कांदा आला, शेंगेवर शेंग,
आणि मिरची जाऊन बसली लसणावर.
फिरवलं. उलटं टांगलं. पुन्हा फिरवलं.
सर, काडी उपटून बदलू का? प्रवीण बोरसे.
तेवढंच करायचं नाही बाबा.
उपटायचं नाही, मोडायचं नाही, फक्त फिरायची मुभा.
डाव्या पायाची चप्पल दारात कितीही फिरव,
उजव्या पायात ती चावणारच.

मग दोन्हींतला लसूण काढून
तिथं दुसरी मिरची खोचली,
तशी वांगी निमूट एक झाली.
चौघं चार घरचे असतील तरच हा तंटा.

तोवर जागृती भदाणेनं
आरशाकडे न बघता
फळ्यावरच्या पाचही रेणूंची जुळी भावंडं काढली होती,
शाई पुसू नये म्हणून वही तिरपी धरून,
डाव्या हातानं.
कसं जमलं गं?
"माय भाकर थापे, मी तिना समोर बसू.
ती जेवना हातघाई फिरावे,
मी डावाघाई."
वर्ग हसला. ती नाही.

उजव्याला आमच्याकडे जेवना म्हणतात,
जणू दुसऱ्या हाताला भूकच नसते.

पुढे सांगितलं पुदिन्याचं आणि बाळंतशेपाचं.
दोघांच्या वासामागे मुख्य रेणू एकच,
अणू तेच, तितकेच, त्याच क्रमानं जोडलेले,
एक डावा, एक उजवा, बस.
जागृतीची बहीण बाळंत होऊन माहेरी आलीय.
खोलीत शेपाचा धूर, मोरीपाशी पुदिना,
मधे एक उंबरा.
म्हणाली, सर, मग नाकाला कसं कळतं?

नाकाच्या आतही डावं-उजवं असतं, मी म्हणालो,
हातमोज्यासारखं. एकाला एकच नीट बसतो.
आणि नाकाला लहानपणी कोणी
सुतळीनं बांधून ठेवलेलं नसतं.

हे शेवटचं पुस्तकात नाही.
पहिलीत, पारोळ्याला, खिडकीच्या गजाला
माझा जो हात बांधलेला असायचा
त्याच्याबद्दल मी वर्गात कधी बोललो नव्हतो.
वळलो, फळा पुसायला लागलो.
लिहितो उजव्यानं. पुसतो डाव्यानं.
डाव्यानं पुसलेला फळा
जास्त स्वच्छ होतो, हे दगाही म्हणतो.

चार वाजता जिन्यामागे पऱ्हाट्या पेटवून
दोन्ही कार्बन भाजले.
ठेचल्यावर कोणतं आरशाबाहेरचं
आणि कोणतं आतलं, विचारायची सोय राहिली नाही.
जागृतीनं डब्यातली कळण्याची भाकर काढली,
तिनं थापलेली की मायनं, तेही कळेना.
भाकर गोल.
आरशात धरली तरी तीच.
कोणत्या अंगानं फिरली, तिनं मनात ठेवलेलं नाही.

रेणू ठेवतो.

पोरगी खुशाल डाव्यानं जेवत होती.
दगा काही बोलणार होता, तोंडात घास होता.
माझा उजवा हात भाकरीपर्यंत गेला,
तिथं जरा थांबला.

परीक्षेत या भागाला चार मार्क आहेत.
लहानग्याला मागे धरा, मग मोजा,
आणि बाणाची दिशा
दोनदा तपासा.